गाडीची नाडी आणि गाडीचा ताप

माणूस आजारी पडला की वैद्य काय करतो? आधी नाडी पाहतो. मग अंगाला हात लावून ताप पाहतो. रोगी बोलतो, कण्हतो, "दुखते" म्हणून सांगतो.

गाडी बोलत नाही. गाडीला ताप चढला तरी ती धावतच राहते. मग एकदम बॉनेटखालून वाफ येते. चालवणारा खाली उतरतो, तोवर इंजिन गेलेले असते.

वऱ्हाडात आज गावोगाव मालवाहू गाड्या आहेत. कोणी कापूस जिनात नेतो. कोणी वरूड-मोर्शीची संत्री बाजारात नेतो. कोणी माणसे लग्नाला नेतो. बऱ्याच गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात. अशा गाडीचे इंजिन ऐन हंगामात उघडावे लागले, तर दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि बुडालेले भाडे वेगळे. हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून या धड्यात आपण दोन लहान यंत्रांची ओळख करून घेऊ. एक यंत्र गाडीची नाडी सांगते. दुसरे गाडीचा ताप सांगते. बाजारात त्यांना 'बूस्ट मीटर' आणि 'टेम्परेचर मीटर' म्हणतात. आम्ही त्यांना दाबाचा काटा आणि तापाचा काटा म्हणू.

टर्बो म्हणजे काय?

चुलीत फुंकणीने फुंकर घातली की जाळ वाढतो. का वाढतो? लाकडे तेवढीच असतात, पण हवा जास्त मिळते.

इंजिनाचेही तसेच आहे. डिझेल जाळायला हवा लागते. हवा जास्त मिळाली, तर त्याच आकाराच्या इंजिनात जास्त डिझेल नीट जळते आणि ताकद वाढते. टर्बो ही इंजिनाची फुंकणी आहे.

ही फुंकणी फिरवायला वेगळा खर्च करावा लागत नाही. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा ओढते आणि दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. त्याला तेलाचाच आधार असतो.

ही युक्ती स्वित्झर्लंड देशातल्या आल्फ्रेड बुशी नावाच्या इंजिनिअराची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत तिची मोठी परीक्षा झाली. पाइक्स पीक नावाचे एक शिखर आहे. ते सुमारे ४,३०० मीटर उंच आहे. तिथे विमानाचे एक इंजिन नेले. उंचावर हवा विरळ असते, म्हणून इंजिनाची ताकद घटली. टर्बो जोडताच सपाटीवरच्याइतकी ताकद परत मिळाली.

तितके दूर जायला नको. आपला चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंच आहे. समुद्रकाठच्या मानाने तिथे हवेचा दाब सुमारे बारा टक्के कमी असतो. परतवाड्याहून माल भरून घाट चढणारी गाडी धापा टाकते, त्याचे हे एक कारण आहे. टर्बो असला तर ही उणीव बरीच भरून निघते. पण त्या वेळी टर्बोवर आणि इंजिनावर सर्वांत जास्त ताण येतो. काटे कामी येतात ते तेव्हाच.

वऱ्हाडचे ऊन आणि खारे पाणी

आता तापाचा हिशेब करू. हिशेब सोपा आहे.

इंजिनाचे पाणी चालताना साधारण ९० अंश सेल्सिअस गरम असते. रेडिएटर ही उष्णता बाहेरच्या हवेला देतो. पाणी आणि हवा यांच्या उष्णतेत जितका फरक, तितकी उष्णता लवकर जाते.

पौषातल्या पहाटे हवा १५ अंशांवर असते. ९० वजा १५ म्हणजे ७५ अंशांचा फरक.

वैशाखात दुपारी हवा ४५ अंशांवर असते. ९० वजा ४५ म्हणजे ४५ अंशांचा फरक.

म्हणजे तोच रेडिएटर पौषात शंभर रुपयांचे काम करत असेल, तर वैशाखात साठ रुपयांचेच करतो. २०२० सालच्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्याही वर गेला होता. त्या दिवसांत फरक आणखी कमी.

रस्त्याचाही विचार करा. अमरावती-अकोला मार्गावर २०२२ सालच्या जूनमध्ये एका पदराचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला. त्या कामाची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला की गाडी भरधाव जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावर इंजिनाला मधून मधून विसावा मिळायचा. तो आता मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याच भागाची आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागांत कितीतरी विहिरींचे आणि बोअरचे पाणी खारे लागते. हे पाणी रेडिएटरात घातले, तर आतल्या बारीक नळ्यांना क्षार धरतो. घरच्या हंड्याला धरतो तसाच. क्षाराचा थर उष्णता अडवतो, आणि खारे पाणी धातूही खाते. म्हणून रेडिएटरात विहिरीचे पाणी घालू नये. कूलंट आणि शुद्ध केलेले, म्हणजे बॅटरीत घालतात ते पाणी, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात घालावे.

रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि सोयाबीनचा भुसा अडकतो. तोही हवा अडवतो. हंगामात आठवड्यातून एकदा जाळी साफ करावी.

काट्याच्या पोटात काय असते?

जत्रेत कागदाची पिपाणी मिळते. तिची गुंडाळी असते. फुंकले की ती उलगडते. फुंकणे थांबले की पुन्हा गुंडाळी होते.

दाबाच्या साध्या काट्यात अशीच एक धातूची वाकडी नळी असते. दाब आला की ती थोडी सरळ होऊ पाहते. तिच्या टोकाला बारीक दातेरी चाक आणि काटा जोडलेला असतो. फ्रान्स देशातल्या यूजेन बूर्दों याने १८४९ साली या नळीचे पेटंट घेतले. आजही तीच युक्ती चालते.

तापाच्या काट्याला पाण्यात बुडणारा एक लहान मणी असतो. त्याला 'सेन्सर' म्हणतात. पाणी तापले की त्या मण्यातून वीज जास्त वाहते. त्यावरून काटा पुढे सरकतो.

दाबाचा काटा बसवणे

हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे. पण मिस्त्री काय करतो ते मालकाला कळले पाहिजे. कळले, तर चूक झालेली ओळखता येते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनाकडे जाते. इंटरकूलर आणि इंजिन यांच्यामध्ये जो पाइप असतो, तिथून एक बारीक नळी काढायची. त्यासाठी तीन तोंडांचा जोड, म्हणजे 'टी', मिळतो.

एक गाडीवाला आपल्या मिस्त्रीला विचारतो, "मिस्त्री, इथं नळी काढली तं टर्बोची हवा निघून जाईन ना?"

मिस्त्री म्हणतो, "कायले जाईन भाऊ? नळीचं दुसरं टोक काट्यात बंद हाये. हवा तिथपर्यंत जाते अन् दाबून उभी राह्यते. फक्त क्लिपा घट्ट पायजेत."

मिस्त्रीचे बरोबर आहे. फक्त एक जागा टाळावी. टर्बोला जादा दाब सोडणारी एक झडप असते. तिला 'वेस्टगेट' म्हणतात. तिच्याकडे जाणाऱ्या नळीत जोड घालू नये. तो जोड गळू लागला, तर झडप वेळेवर उघडणार नाही आणि दाब बेसुमार चढेल.

नळी केबिनमध्ये नेताना इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून न्यावी लागते. पत्र्याची कड धारदार असते. म्हणून भोकात रबरी कडे बसवावे. नळी धुराच्या तापलेल्या पाइपाजवळून नेऊ नये. तिला घडी पडू देऊ नये. फिरणाऱ्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून ती दूर बांधावी.

तापाचा काटा बसवणे

इंजिनातून गरम पाणी वरच्या रबरी पाइपाने रेडिएटरात येते. हा पाइप मधे कापून त्यात धातूची एक आखूड नळी घालतात. त्या नळीला सेन्सर बसवायचे आटे असतात. नळी आपल्या पाइपाच्या मापाचीच घ्यावी. दोन्ही बाजूंना चांगले क्लॅम्प आवळावे. काही इंजिनांच्या हेडवर आट्यांचे रिकामे भोक असते. तिथे सेन्सर बसला, तर त्याहून उत्तम. ताप तिथे आधी कळतो.

काही सेन्सरना एकच तार असते. त्यांची दुसरी वाट, म्हणजे अर्थ, धातूतून जाते. पण ही नळी दोन्हीकडून रबरात अडकलेली असते. म्हणून तिच्यावरून एक वेगळी तार इंजिनाच्या धातूला जोडावी लागते. आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली, तरी अर्थ तुटतो आणि काटा खोटे बोलतो.

काम करताना कूलंट बाहेर निघते. ते भांड्यात धरावे. कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. कुत्रा, वासरू किंवा लहान मूल ते पिऊ शकते आणि जिवाला मुकते. ते अंगणात सांडू नये, उघडे ठेवू नये, आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये.

पुन्हा कूलंट भरताना आत हवा अडकते. गार इंजिन झाकण उघडे ठेवून थोडा वेळ हळू चालवावे. बुडबुडे निघून जातील. पाणी तापू लागण्याआधी झाकण लावावे. गाडी फिरवून आणून पूर्ण गार करावी आणि पातळी पुन्हा पाहावी.

तारा जोडणे

पहिले काम बॅटरीचे. बॅटरीची उणे खुणेची तार आधी सोडावी. सगळे झाल्यावर ती शेवटी जोडावी.

विजेच्या काट्याला साधारणपणे तीन तारा बाहेरून लागतात. एक तार किल्ली फिरवल्यावरच वीज येईल अशा जागेवरून घ्यावी. तिच्यात लहान फ्यूज घालावा. दुसरी तार गाडीच्या कोऱ्या धातूला लावावी. तिथला रंग खरवडून काढावा. तिसरी तार पार्किंग दिव्याच्या तारेला जोडावी, म्हणजे रात्री काटा दिसतो.

फ्यूज वाचवून कोणी तार सरळ बॅटरीला जोडतो. तीच तार पुढे कुठे घासली, की आग लागते. फ्यूज काही रुपयांचा असतो. गाडी लाखांची असते.

काटा नजरेला सहज दिसेल, पण रस्ता झाकणार नाही असा बसवावा. एअरबॅग असेल, तर तिच्या झाकणावर किंवा तिच्या तारांजवळ काहीही लावू नये.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बी.एस. सहा नियमाच्या गाड्या विकल्या जातात. या गाड्यांत संगणक असतो आणि दाब व ताप तो स्वतः मोजतच असतो. स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला एक चौकट असते. तिच्यात यंत्र खोचले, की बहुतेक गाड्यांचे हे आकडे दिसतात. अशा गाडीत पाइप किंवा तार कापण्याची गरज नाही. कापल्यास कंपनीची हमी जाऊ शकते. आधी विक्रेत्याला विचारावे.

काटा कसा वाचावा?

टायरमध्ये किती हवा भरायची हे तुम्हाला ठाऊक आहे. आपण 'तीस पौंड', 'पस्तीस पौंड' म्हणतो. दाबाचा काटाही पौंडांतच असतो. काही काट्यांवर 'बार' लिहिलेले असते. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड.

गाडी जागेवर हळू चालत असताना डिझेल गाडीचा हा काटा शून्याजवळ असतो. ओझे घेऊन चढ चढताना तो वर जातो. बहुतेक लहान मालवाहू गाड्यांत तो साधारण १२ ते २० पौंडांच्या दरम्यान राहतो. गाडीगणिक आकडा वेगळा असतो.

चढावर काटा नेहमीपेक्षा खाली राहिला आणि काळा धूर येऊ लागला, तर हवेचा पाइप फाटला असेल किंवा एअर फिल्टर धुळीने भरला असेल. काटा नेहमीपेक्षा बराच वर गेला, तर वेस्टगेट अडकला असेल. दोन्ही वेळा मिस्त्री गाठावा. "पंप वाढवून देतो, गाडी पळेल," असे कोणी म्हणाले, तर ऐकू नये. जादा डिझेल म्हणजे जादा ताप.

तापाचा काटा ८० ते ९५ अंशांत असला की ठीक. १०० च्या पुढे सरकू लागला की सावध व्हावे. १०५ च्या वर गेला की थांबावे.

तुम्ही विचाराल, पाणी तर शंभर अंशांवर उकळते, मग ते १०० ला उकळत का नाही? रेडिएटरचे झाकण पाण्याला दाबून धरते. दाबाखाली पाणी उशिरा उकळते. पण झाकणाचे रबर गेले, तर तो दाब राहत नाही. चिखलदऱ्याच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९६ अंशांवरच उकळते. म्हणजे पन्नास-शंभर रुपयांचे रबर घाटात अख्ख्या इंजिनाचा घात करू शकते.

आता एक मोठा धोका सांगतो. पाइप फुटून सगळे पाणी वाहून गेले, तर सेन्सर कोरडा पडतो. कोरड्या सेन्सरला खरा ताप कळत नाही. इंजिन आत जळत असते आणि काटा खाली येतो! चालवणारा म्हणतो, "वा राजेहो, ताप उतरला." चढलेला काटा कारण नसताना एकदम खाली आला, तर आनंद मानू नये. लगेच गाडी थांबवून इंजिन बंद करावे.

ताप चढला तर

काटा चढू लागला की पाय हलका करावा आणि खालचा गिअर टाकावा. एसी बंद करावा. सावली पाहून थांबावे. पाणी गळत नसेल आणि वाफ येत नसेल, तर इंजिन दोन मिनिटे हळू चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहते. वाफ येत असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंडावर येते. किती तरी माणसे अशी भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जातो.

घाट चढून आल्यावर किंवा लांब पल्ला धावून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे हळू चालू ठेवावी. टर्बोचा दांडा तापलेला असतो. इंजिन बंद झाले की तेल थांबते, आणि थांबलेले तेल तिथेच जळून काजळी धरते.

एक वही ठेवा

दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या कामाचा नाही. आपली गाडी निरोगी असताना तिचे आकडे काय असतात, ते आपणच लिहून ठेवावे. नोंद अशी करावी :

तारीख – ३ मे. रस्ता – परतवाडा ते चिखलदरा. माल – पूर्ण. दाब – १६ पौंड. ताप – ९४ अंश.

महिन्याने त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालाला, तसल्याच उन्हात ताप १०१ दिसला, तर गाडीत काही तरी बिघडू लागले आहे. जाळी भरली असेल, पट्टा ढिला असेल, पाणी कमी झाले असेल. अजून वाफ आलेली नाही, अजून काही तुटलेले नाही. हीच दुरुस्तीची वेळ. आज दुरुस्ती स्वस्त आहे.

पण महिन्यापूर्वीचा आकडा कोणाच्या ध्यानात राहतो? वहीत असला तरच तो सापडतो. तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. अक्षर ओळखणे आणि काट्याखालचा आकडा ओळखणे ही एकच विद्या आहे. काटा बसवणे हे मिस्त्रीचे काम. तो वाचणे आणि वेळेवर थांबणे हे तुमचे काम.

हे लक्षात ठेवा

१. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.
२. रेडिएटरात खारे पाणी घालू नका.
३. फ्यूजशिवाय तार जोडू नका.
४. कूलंट मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा.
५. चढलेला काटा एकदम पडला, तर इंजिन बंद करा.

नवे शब्द

दाब – जोराने रेटणे. टायरमधल्या हवेला असतो तो जोर.
क्षार – पाण्यातले मीठ आणि चुना.
झडप – उघडझाप करणारे लहान दार.
अर्थ – विजेची परत जाण्याची वाट.

उत्तरे लिहा

१. वैशाखात गाडी पौषापेक्षा लवकर का तापते? वजाबाकी करून दाखवा.
२. दाबाच्या काट्याची नळी वेस्टगेटच्या नळीतून का काढू नये?
३. तुमच्या गावातल्या एका गाडीचा किंवा ट्रॅक्टरचा तापाचा काटा पाहा. सकाळी आणि दुपारी तो किती अंश दाखवतो, ते वहीत लिहा.